एका विमानाचा एक दिवस: विमान कंपनी आणि विमानतळाचं व्यवस्थापन शिकायला सुरुवात कुठून करावी

एव्हिएशन मॅनेजमेंटला प्रवेश घेतलेली किंवा घ्यायच्या विचारात असलेली मुलं आईवडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न पगाराचा असतो, दुसरा फीचा. तिथे रोज नेमकं काम काय असतं, हे फार थोडे जण विचारतात. मी मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या ग्राउंड ऑपरेशन्समध्ये नोकरी केली. चेक-इन काउंटरवर सुरुवात झाली आणि ड्यूटी मॅनेजर म्हणून बाहेर पडले. त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते आहे, तेही घरी बसून करून बघता येईल अशा रीतीने. एक वही आणि मोबाइल जवळ असू द्या.

आधी दोन धंदे वेगळे करा

विमान कंपनी आणि विमानतळ एकाच छताखाली दिसतात, म्हणून बाहेरच्याला ते एकच वाटतात. दोघांचे हिशेब मात्र पूर्ण वेगळे आहेत.

विमान कंपनी सीट विकते. सहाचं विमान उडालं की त्यातली रिकामी सीट कायमची गेली, ती उद्या विकता येत नाही. खर्च बघा. इंधन हा भारतात सर्वांत मोठा खर्च, एकूण खर्चाच्या साधारण ३५ ते ४० टक्के. हे इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्यांचा व्हॅट लागतो आणि तो प्रत्येक राज्यात वेगळा असतो. बहुतेक विमानं भाड्याने घेतलेली असतात आणि ते भाडं डॉलरमध्ये जातं. तिकिटाचे पैसे येतात रुपयांत. रुपया घसरला की एकही चूक न करता कंपनीचा खर्च वाढतो.

वहीत एक गणित करा. समजा, एका फेरीचा, म्हणजे एका बाजूच्या उड्डाणाचा, सगळा खर्च ६ लाख रुपये आहे. कर आणि विमानतळाचे आकार वजा करून कंपनीच्या हातात एका तिकिटामागे सरासरी ४,००० रुपये पडतात. म्हणजे खर्च निघायला १५० प्रवासी हवेत. १८० सीटच्या विमानात हे ८३ टक्के झाले. आता सरासरी तिकीट ३,५०० वर आणा. १७२ प्रवासी लागतील. तिकीट फक्त ५०० रुपयांनी उतरलं आणि विमान जवळजवळ पूर्ण भरल्याशिवाय खर्च निघेना. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विमानं भरलेली दिसतात म्हणजे कंपनी धडधाकट आहे, असं कधीही समजू नका.

विमानतळाचं तसं नाही. तो जागचा हलू शकत नाही. हजारो कोटी आधी जमिनीत घालायचे आणि दशकानुदशकं वसूल करायचे. मुंबईचा विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा ७४ टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के वाटा आहे. उत्पन्न दोन बाजूंनी येतं. विमानांचं लँडिंग, पार्किंग आणि प्रवाशांकडून घेतलेलं यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापराचं शुल्क, ही एक बाजू. मोठ्या विमानतळांवर हे दर एरा हे नियामक प्राधिकरण पाच-पाच वर्षांसाठी ठरवून देतं. दुसरी बाजू दुकानं, खाणं, जाहिराती, गाड्यांचं पार्किंग. २०१६ च्या विमान वाहतूक धोरणाप्रमाणे या दुसऱ्या उत्पन्नातला ३० टक्के भाग पहिल्या बाजूचे दर कमी ठेवायला धरला जातो.

दोघांचं हित कुठे वेगळं होतं, हे ओळखायला शिका. प्रवाशाने सुरक्षा तपासणीनंतर तासभर दुकानांमध्ये फिरावं, असं विमानतळाला वाटतं. विमान कंपनीला तो गेटसमोर बसलेला हवा असतो. या दोघांची रोजची गाठ पडते ती बेवर, म्हणजे विमान उभं राहतं त्या जागेवर. म्हणून माझ्या मते शिकायला तिथूनच सुरुवात करावी.

एका विमानाचा दिवस मांडा

वहीच्या एका पानावर हे वेळापत्रक उतरवून घ्या. ते मी बनवलेलं आहे, पण खऱ्यासारखंच आहे. विमान ए-३२०.

मुंबई ०६:०० – नागपूर ०७:३५
नागपूर ०८:०५ – मुंबई ०९:४०
मुंबई १०:१५ – मोपा ११:३५
मोपा १२:०५ – मुंबई १३:२५
मुंबई १४:०० – दिल्ली १६:१५
दिल्ली १६:५५ – मुंबई १९:१०
मुंबई १९:४५ – नागपूर २१:२०
नागपूर २१:५० – मुंबई २३:२५

या वेळा चाक निघण्यापासून चाक थांबेपर्यंतच्या आहेत. त्यांना ब्लॉक टाइम म्हणतात. सगळ्यांची बेरीज साडेतेरा तास होते. विमान जमिनीवर उभं राहतं ते सात वेळा मिळून ३ तास ५५ मिनिटं. विमान कंपनीचा नफा आणि तोटा बहुतांशी या ३ तास ५५ मिनिटांत ठरतो. या सात थांब्यांतले प्रत्येकी दहा मिनिटं वाचली, तर तासाभराहून जास्त वेळ हाताशी येतो. 

गोव्यासाठी दाबोळी न लिहिता मोपा का लिहिलं, असं कुणी विचारेल. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. तिथे सकाळच्या काही तासांत नौदलाचं प्रशिक्षण चालतं आणि नागरी विमानांना जागा मिळत नाही. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि सकाळी अकरा-साडेअकराला गोव्यात उतरणं सोपं झालं. नियोजन करणाऱ्याला नकाशाइतकीच विमानतळाच्या मालकाची माहिती लागते. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. तिचं काम काढलं तेव्हा १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस पुण्याहून एकही प्रवासी विमान उडालं नाही.

तीस मिनिटांत काय काय होतं

आता नागपूरचा सकाळचा थांबा घ्या, ०७:३५ ते ०८:०५. विमान बेवर थांबतं, इंजिनं बंद होतात, विमानाच्या पोटाखालच्या लाल दिव्याचं लुकलुकणं थांबतं, मग चाकांना चॉक्स म्हणजे अडवणारे ठोकळे लागतात. तो दिवा विझल्याशिवाय कोणीही जवळ जायचं नाही. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, नव्या माणसाला पहिल्यांदा हेच शिकवतात. मग जिना किंवा एरोब्रिज लागतो, दार उघडतं, प्रवासी उतरू लागतात. त्याच वेळी खालच्या होल्डमधून बॅगा निघतात, इंधनाचा ट्रक लागतो, एएमई म्हणजे विमानाचा इंजिनिअर विमानाला फेरी मारून टायर, ब्रेक आणि इंजिनाची पाती बघतो. आत सफाई, मग नवे प्रवासी. शेवटी लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे विमानातलं वजन आणि त्याची वाटणी दाखवणारा कागद, कॅप्टनच्या हातात, दार बंद, आणि पुशबॅक, म्हणजे ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणं.

इथे शिकायची गोष्ट अशी की ही कामं दोन प्रकारची आहेत. काही एकमेकांच्या शेजारी चालतात: इंधन, बॅगा, तपासणी. काही एकामागे एकच होऊ शकतात: सगळे उतरले पाहिजेत, मग सफाई, मग बोर्डिंग. दुसऱ्या प्रकारची साखळी तुमची तीस मिनिटं खाते. इंधनवाल्याला घाई करून काही उपयोग नाही, जर शेवटच्या रांगेतले आजोबा अजून बॅग काढत असतील. नवा सुपरवायझर आवाज जिथे जास्त तिथे धावतो. अनुभवी सुपरवायझर साखळीतला पुढचा दुवा तयार आहे का ते बघतो, म्हणजे विमान यायच्या आधी व्हीलचेअर किती लागणार, जिना की ब्रिज, कोच किती उभ्या आहेत.

व्हीलचेअरचं वेगळं सांगते, कारण पुस्तकात त्यावर दोन ओळी असतात. व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यांच्या शेवटी उतरतात आणि सगळ्यांच्या आधी चढतात. ब्रिज असेल तर ठीक. विमान लांबच्या बेवर असेल तर उताराचा जिना किंवा अ‍ॅम्बुलिफ्ट, म्हणजे खुर्ची दारापर्यंत उचलणारी गाडी, लागते, आणि ती त्याच वेळी दुसऱ्या विमानाला लागलेली असू शकते. एका फेरीत आठ-दहा व्हीलचेअर असल्या तर दहा-बारा मिनिटं सहज जातात. म्हणून आदल्या स्टेशनकडून येणारा संदेश नीट वाचा. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला घाई करणं हा उपाय नाही. खुर्ची आणि माणूस आधी हजर ठेवणं हा उपाय आहे.

गेट २५ मिनिटं आधी बंद का करतात, यावरून लोक फार चिडतात. चेक-इन केलेला प्रवासी आलाच नाही तर त्याची बॅग विमानात राहू देता येत नाही, हा सुरक्षेचा नियम आहे. भरलेल्या होल्डमधून ती एक बॅग शोधून काढायला वेळ लागतो.

उशिराचे आकडे वाचायला शिका

जगभरच्या विमान कंपन्या उशिराचं कारण दोन आकड्यांत लिहितात. १५ म्हणजे चेक-इन झालेला प्रवासी गेटवर आलाच नाही. ३२ म्हणजे सामान चढवण्या-उतरवण्यात उशीर, ३६ इंधन, ४१ विमानातला बिघाड. ७१ म्हणजे निघायच्या ठिकाणचं हवामान, ७२ पोहोचायच्या ठिकाणचं. ८१ म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने थांबवलं. आणि ९३ म्हणजे विमानच मागच्या फेरीवरून उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये याच आकड्यांवरून वाद होतात, कारण ज्याचा कोड त्याची जबाबदारी. मी नवीन मुलांना सांगायचे की ९३ दिसला की तिथे थांबायचं नाही. मागे मागे जात दिवसाचा पहिला उशीर शोधायचा.

वहीतल्या वेळापत्रकावर हे करून बघा. नागपूरला पहाटेचं धुकं आहे, म्हणून मुंबईहून सहाचं विमान ०६:४० ला निघालं. कोड ७२, चाळीस मिनिटं. समजा, प्रत्येक थांबा कसून केला तर २५ मिनिटांत होतो. मग नागपूरला ५ मिनिटं वाचली, उशीर ३५. मुंबईत १० वाचली, २५ राहिला. मोप्याला ५, राहिला २०. मुंबईत १०, राहिला १०. दिल्लीला १५ मिनिटं हातात आहेत, म्हणजे १६:५५ चं विमान वेळेवर. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी महासंचालनालय, १५ मिनिटांच्या आत निघालेलं विमान वेळेवर धरतं, त्यामुळे दुपारी दोनची दिल्ली फेरीही वेळेवर मोजली गेली. सकाळचं धुकं दुपारपर्यंत पुसलं गेलं, आणि हे फक्त रॅम्पवरच्या माणसांनी केलं.

आता दुसऱ्या बाजूने मांडा. एकाही थांब्यावर काही वाचलं नाही. चाळीस मिनिटं तशीच पुढे सरकली. रात्रीचं शेवटचं विमान २३:२५ ऐवजी ००:०५ ला मुंबईत. फक्त पाच मिनिटांनी मध्यरात्र ओलांडली, पण वैमानिकांच्या ड्यूटीचे नियम मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेला वेगळे आणि कडक आहेत. दुपारी एकला रिपोर्ट केलेला क्रू ही शेवटची फेरी नियमात राहून करू शकतो का, हा प्रश्न कंपनीच्या कंट्रोल सेंटरला संध्याकाळी सातलाच सोडवावा लागतो. पर्याय तयार नसेल तर नागपूरचे शे-दीडशे प्रवासी तिथेच राहतात.

हा प्रश्न किती मोठा होऊ शकतो, ते देशाने डिसेंबर २०२५ मध्ये बघितलं. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणणारे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून. महिनाभरात इंडिगोच्या वेळापत्रकाला वैमानिक पुरेनात आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. डीजीसीएला तात्पुरती सवलत द्यावी लागली आणि सरकारने कंपनीला वेळापत्रक १० टक्क्यांनी कमी करायला लावलं. माझं मत स्पष्ट आहे: विश्रांतीचे नियम योग्यच आहेत. पहाटे चार वाजता थकलेल्या माणसाने विमान उतरवू नये. नियम ठाऊक असताना माणसं आधीच भरणं, हे व्यवस्थापनाचं काम होतं.

मुंबईची धावपट्टी

विमानतळाची बाजू शिकायला मुंबईइतकं चांगलं ठिकाण नाही. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर तासाला ४४ ते ४६ विमानं उतरतात-चढतात. ३,६०० सेकंदांना भागून बघा, दर ८० सेकंदांच्या आसपास एक. २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानं या पट्टीने हाताळली.

इतकी गर्दी असली की वेळ हीच विकत न मिळणारी वस्तू होते. तिला स्लॉट म्हणतात. वर्षाचे दोन हंगाम असतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. मिळालेल्या स्लॉटपैकी ८० टक्के वापरले तर पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात ते राहतात. त्यामुळे रिकामी जाणारी फेरीही कंपन्या कधीकधी चालवतात.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. चाकांचं रबर खरवडायचं, दिवे तपासायचे, भेगा भरायच्या. तारीख कित्येक महिने आधी जाहीर होते, म्हणून विमान कंपन्या त्या दिवसाची तिकिटंच तशी विकतात आणि गोंधळ होत नाही. याच्या उलट १ जुलै २०१९ ची रात्र. भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतलं. ते बाहेर काढायचं खास साहित्य देशात एअर इंडियाकडे होतं. मुख्य धावपट्टी पुढचे काही दिवस बंद राहिली, छोट्या पट्टीवर कमी विमानं घेता येत होती, आणि त्याचे धक्के देशभरच्या वेळापत्रकाला बसले. सहा तास ठरवून बंद आणि काही दिवस न ठरवता बंद, या दोन प्रसंगांची बातमी शोधून शेजारी शेजारी ठेवून वाचा.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिथे दोन समांतर धावपट्ट्यांची योजना आहे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालतील. आता कोणती फेरी सांताक्रूझला ठेवायची आणि कोणती उलव्याला न्यायची, हा पुढची कित्येक वर्षं आपल्याकडच्या नियोजकांचा प्रश्न असणार आहे. तुम्ही शिकत असाल तर प्रोजेक्टला हाच विषय घ्या.

छोट्या विमानतळांचं दुखणं वेगळं. छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत मार्गाला मिळणारी मदत तीन वर्षांची असते. त्या तीन वर्षांत प्रवासी तयार झाले नाहीत तर विमान थांबतं. चिपीला, सिंधुदुर्गात, हे आपण पाहिलं. टर्मिनल बांधणं हा कामाचा अर्धा भागही नाही.

गेटवर उभं राहाल तेव्हा

उशीर झाल्यावर माइकवर 'ऑपरेशनल कारणामुळे' एवढंच सांगतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. कारण सांगा. 'विमान नागपूरहून अजून निघालेलं नाही, तिथे धुकं आहे, पुढची माहिती साडेआठला देतो', एवढं बोललं की निम्मी माणसं शांत बसतात. आणि साडेआठला खरंच बोला, नवीन काही नसलं तरी. लातूर-परभणीहून पहिल्यांदा विमानात बसायला आलेल्या, मुलाकडे निघालेल्या आईवडिलांशी मराठीत बोला. त्यांना बोर्डिंग पास, गेट, बॅगेज टॅग हे सगळं नवीन असतं, आणि विचारायचा संकोच वाटतो.

नियमही तोंडपाठ हवेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं द्यायचं. कंपनीने ऐनवेळी उड्डाण रद्द केलं आणि कारण तिच्या हातातलं असेल, तर उड्डाण किती तासांचं आहे त्याप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई असते. प्रवाशाने मागायच्या आधी तुम्ही सांगितलं पाहिजे.

फी भरायच्या आधी

मोफत मिळणारी कागदपत्रं वाचून बघा. डीजीसीएच्या संकेतस्थळावर दर महिन्याला प्रवासी संख्या, किती सीट भरल्या, मोठ्या विमानतळांवर कोण किती वेळेवर, तक्रारी कशाच्या, हे सगळं येतं. एराचे दर ठरवणारे आदेश शेकडो पानांचे असतात, पण एखाद्या विमानतळाचा संसार त्यात उघडा मांडलेला असतो. शेअर बाजारात नोंदलेल्या विमान कंपनीचा वार्षिक अहवालही मोफत आहे. हे वाचताना कंटाळा आला तर ऑफिसमधलं व्यवस्थापन तुमच्यासाठी नाही, रॅम्पवरचं कदाचित असेल. दोन्हीकडे चांगली माणसं लागतात.

'शंभर टक्के नोकरी' असं लिहिणाऱ्या संस्थांपासून सावध राहा. गेल्या दोन वर्षांत कोण कुठे लागलं, हे विचारा आणि त्या मुलांशी स्वतः बोला. विमानतळावर पाऊल ठेवायला पोलिस पडताळणी आणि एंट्री पास लागतो, तो नोकरी देणारी कंपनी काढून देते. धोकादायक मालाचं आणि सुरक्षेचं प्रशिक्षणही बहुतेक तीच देते, त्यासाठी बाहेर वेगळे पैसे मोजायची गरज पडू नये. विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षांची पात्रता तर वेगळीच आहे: हवाई वाहतूक नियंत्रणाला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, म्हणून बारावीनंतरच ठरवा. पहिली नोकरी काउंटरची किंवा रॅम्पची, शिफ्टची आणि कमी पगाराची असेल. ती घ्या, आणि दोन वर्षांत दोन्हीकडे काम मागून घ्या.

आणि आज रात्रीसाठी काम. मोबाइलवर फ्लाइटरडार उघडा, मुंबईहून निघालेलं भारतीय कंपनीचं कोणतंही एक विमान निवडा. व्हीटी-ने सुरू होणारा त्याचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. उद्या दिवसभरात ते कुठे गेलं, ठरलेली वेळ कोणती आणि खरी कोणती, हे वरच्या वेळापत्रकासारखं वहीत उतरवा. पहिला उशीर कोणत्या थांब्यावर झाला ते शोधा आणि कोणता कोड असेल याचा अंदाज समोर लिहा. आठवडाभर तेच विमान धरा, मग दुसरं घ्या.